परत जा म्हणाले, म्हणून मी गेले

माझ्या नवऱ्यानं मला भर सभेत वऱ्हाडाबाहेर काढलं, आणि त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी पुण्याची. लग्न होऊन अमरावतीला आलेली. हे वकील. 'वऱ्हाड वऱ्हाडी माणसाचं' या विचारानं यांना त्या साली असं झपाटलं होतं, की जेवतानाही भाषण चालायचं. (वाढायला मात्र पुण्याची बायको!) सभेत तर आवाज टिपेला गेला. "पुण्याकडचे येऊन आपल्या नोकऱ्या बळकावून राहिले! आल्या वाटेनं परत जा!"

मी बायकांत बसले होते. आईच्या आठवणीनं आधीच जीव कासावीस; त्यात ही जाहीर परवानगी! घरी येऊन ट्रंक भरली.

सासूबाई धावल्या. "काहून वं, कुठी चालली?"

"यांनीच सांगितलं, परत जा."

"अवं, ते दुसऱ्याईले म्हनलं!"

"मी पुण्याचीच ना!"

सासूबाई मुलावर उलटल्या. "सुनेले हाकलून भाकरी कोन थापन? तू?"

हे घाम पुसत म्हणाले, "तू त्यात नाहीस."

"मग शेजारचे सातारचे मास्तर?"

"छे! भला माणूस."

"नगरचे कंपाउंडर?"

"आईले औषध तेच देतात ना!"

एकही परका सापडेना!

तरी मी गेलेच. पुण्याला निघालेल्या ओळखीच्या कुटुंबाची सोबत मिळाली. आईनं पोटाशी धरलं. मी म्हटलं, "आई, मले पाणी दे वं." दादा हसत सुटला. "आली बघा वऱ्हाडीण!" मग माझं बोलणं ऐकायला शेजारणी जमू लागल्या. रात्री उशीत तोंड खुपसून मी रडले. सासूबाईंचं ते 'काहून वं' ऐकायला कान आसुसले होते.

अखेर हे न्यायला आले. पंगतीत दादा म्हणाला, "हल्ली पुण्यात बाहेरचेच फार झालेत." यांचा घास हातातच राहिला.

मीच कडाडले, "कोन झाले रे फार?"

परतताना भुसावळला गाडी थांबली. पुणं मागं राहिलं, अमरावती अजून पुढं, आणि दोन्हीच्या ओढीनं मला रडू आवरेना. हे चहा घेऊन आले. "आता काहून रडून राहिली?"

फलाटावर ना कुणी माझं होतं, ना मला परकी म्हणणारं.

"अहो," मी डोळे पुसत म्हटलं, "इथंच एखादी खोली मिळते का बघा ना!"