काजळी धरलेला हलवा

झाशीत खरमास लागला की प्रेम नगरच्या आमच्या गल्लीत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येतो. एरवी भिंतीपलीकडच्या मॅरेज गार्डनमधली प्रत्येक वरात आमच्या जेवणाच्या ताटावरूनच जाते. डिसेंबरच्या मध्यावर मुहूर्त संपतात, बँडवाले गावी जातात आणि संक्रांतीपर्यंत फक्त पहाटेचं धुकं. याच महिन्याला आमच्या घरात धुंधुरमास म्हणतात. पहाटे मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, आणि ऊन गच्चीवर आलं की माझा हलवा.

निवृत्तीनंतर लोक योगासनं करतात किंवा नातेवाइकांना उपदेश करतात. मी संक्रांतीचा हलवा करतो. परातीत तीळ, खाली शेगडीची जेमतेम ऊब, वरून चमचाभर साखरेचा पाक, आणि मग बोटांनी हलकेच फिरवत राहायचं. रोज थोडं. बऱ्याच दिवसांनी दाण्यावर पांढरा काटा उभा राहतो. आईकडून शिकलो. त्याला कोरडी थंडी लागते आणि स्वस्थपणा लागतो; आमच्याकडे दोन्ही एकत्र याच महिन्यात मिळतात.

यंदा या छंदाला कारण होतं. मुलीची लग्नानंतरची पहिली संक्रांत. तिचं सासर टहरौलीचं, बुंदेली. नव्या सुनेने काळी साडी नेसून हलव्याचे दागिने घालायचे, हे ऐकूनच तिच्या सासूबाई दचकल्या. काळं, आणि नव्या नवरीला! बऱ्याच फोननंतर म्हणाल्या, "चलिए, मायके में पहन ले. बस इसी साल." मुलीला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. तरी मागणी तिचीच होती: "बाबा, बाज़ार वाले नहीं. आपके हाथ के."

अशात आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष घरी आले. गळ्यात शाल, वाक्यागणिक संस्कृती.

"काका, यंदा हिवाळी महोत्सव! एकदम भव्य. तुम्ही मंचावर हलवा करून दाखवायचा. लाइव्ह."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. मग मंत्रीजी येतील."

"दहा मिनिटांत तीळ फक्त ओले होतात."

"मग नुसती ॲक्टिंग करा ना. लांबून कुणाला कळतंय?"

मी नाही म्हटलं. बायकोने त्यांना दुसरा चहा विचारलाही नाही.

महोत्सव अर्थातच भिंतीपलीकडे ठरला. खरमासात गार्डन रिकामंच असतं. त्या दिवशी सकाळी दागिन्यांसाठी काळा दोरा आणि जरीची गोटापट्टी आणायला मी ओरछा गेटच्या बाजारात गेलो. बायको खाली स्वयंपाकात होती. परात उन्हाला उघडी. परत आलो तर आमच्या भिंतीला टेकून जनरेटर धडधडत होता आणि त्याच्या धुराड्याचं तोंड बरोबर आमच्या गच्चीकडे. हलवा राखाडी झाला होता. काटा शाबूत, पण प्रत्येक काट्याच्या टोकावर काजळी.

मी तसाच पलीकडे गेलो.

"जनरेटर तिकडे न्या."

"तिकडे मंत्रीजींची गाडी लागणार, काका. आणि एवढ्याशा साखरेसाठी काय रागावताय? पुण्याहून मशीनचे दागिने मागवलेत मंचासाठी. एक सेट बेबीला घेऊन जा, माझ्याकडून भेट."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. बायको हे वाचणार आहे. जनरेटर हलला नाही. संध्याकाळी मंत्रीजींनी ध्वनिवर्धकावरून, हिंदीत, हलव्याची कला लुप्त होत चालल्याबद्दल खेद व्यक्त केला. टाळ्या पडल्या. ती लुप्त करणारं यंत्र माझ्या भिंतीला टेकून त्याच भाषणाला वीज पुरवत होतं. मराठी टिकवायला निघालेल्या या माणसांना मराठी घरात चाललेलं काहीही दिसत नाही. मंचावर आलं तरच दिसतं. तेव्हाही चिडलो होतो, आजही आहे.

दुसऱ्या दिवशी नव्याने तीळ घेतले. पण संक्रांत आठवड्यावर आली होती आणि धुकं दुपारपर्यंत हटेना. दमट हवेत काटा येईना. शेवटी होमिओपॅथीच्या गोळ्यांसारखे गुळगुळीत दाणे तयार झाले. दोन्ही प्रकारचे दागिने ओवून ठेवले आणि मुलगी आल्यावर काय झालं ते सांगितलं. तिने पांढरे बाजूला सारले.

"ये वाला, बाबा."

"अगं, हे काळे पडलेत."

"काँटा तो इसी में है ना?"

काळ्या साडीवर राखाडी हार, राखाडी बांगड्या. आमच्याकडच्या हळदीकुंकवाला स्वतःच्या बायकोला सोडायला अध्यक्षही आले. मुलीकडे निरखून बघत म्हणाले, "वा! हे ग्रे कलरचं काय? नवी फॅशन?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगीच बोलली. मराठीत, अडखळत, पण पूर्ण वाक्य. "तुमच्या जनरेटरने रंगवले, काका."

ते हसले. त्यांना विनोद वाटला. मग सवयीने माझ्यापुढे हात पसरला. सणाचा दिवस, मी त्यावर वडी ठेवली आणि म्हणालो, "तिळगूळ घ्या."

पुढचं म्हटलं नाही. ते हात पसरून थोडा वेळ वाट पाहत राहिले.