पुसलेली लस

पणदऱ्याच्या रंगूबाईचा आवाज असा खणखणीत, की वांगी तोडता तोडता तिनं हाक मारली तर पाटापलीकडचे बैल थबकत. नाटकात असती तर शेवटच्या रांगेला शब्दन् शब्द पोचला असता! पण एक दिवस असा उगवला, की तोच आवाज तिच्या घशात अडकला.

दर हिवाळ्यात देवी डॉक्टर महिपतराव सायकलवरून येत आणि पोरांच्या दंडावर देवीची लस टोचत. रंगूबाई हसतमुखानं नातवंडांना पुढं करी, डॉक्टरांना गूळपाणी देई. अन् त्यांची पाठ वळली, की ओल्या पदरानं दंड खसाखसा पुसून वर शेणाचं बोट फिरवी. देवीआईच्या कामात माणसानं सुई खुपसली तर आई कोपते, ही तिची समजूत. आठव्या दिवशी लस लागल्याचा फोड बघायला डॉक्टर येत, तेव्हा नातवंडं सुप्याला मामाकडं पोचलेली असत.

त्रेपन्न साली गावात देवी आल्या. रंगूबाईचा चार वर्षांचा नातू सिद्धू तापानं फणफणला, तिसऱ्या दिवशी अंगभर पुरळ उठलं. महिपतराव धावत आले, वही उघडली.

"रंगूबाई, याला तर मी दोनदा टोचलंय!"

त्यांनी पोराचा दंड उजेडात धरला. लसीचा वण नाही. दुसरा दंड पाहिला. तिथंही नाही.

त्यांनी वही मिटली. "म्हणजे माझी लसच नासकी होती. किती पोरांना टोचली मी, देवा!"

रंगूबाईनं पदर मुठीत आवळला.

"लस चांगली हुती, डाक्टर," शेवटी ती पुटपुटली. "म्याच पुसली. ह्या पदरानं."

सून कौसल्या दारात उभी होती, कडेवर सिद्धूची दीड वर्षाची बहीण नकोशी. कौसल्येनं पोरीचा दंड चाचपला.

"आत्याबाई... हिचीबी?"

"व्हय गं. हिचीबी."

महिपतरावांनी पेटी उघडली. "आत्ता टोचली तर ही वाचंल."

रंगूबाईनं पदर कमरेला घट्ट खोचला आणि लस वाळेस्तोवर नकोशीचा हात धरून बसली.

नकोशी निभावली. सिद्धूही जगला, पण तोंडभर वण राहिले आणि डावा डोळा गेला.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांच्या सायकलीपुढं रंगूबाई चालत होती, सिद्धूचा हात धरून. एका दारात लस टोचून झाली, तशी पोराच्या आईनं पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं. रंगूबाईनं तिचं मनगट पकडलं.

"आदी माज्या नातवाकडं बघ, बाय," ती म्हणाली. "मग पूस."