मोहितेकाका आणि तुंबलेली नळी

मोहितेकाका बिघडलेल्या यंत्राजवळ आले की पहिली पाच मिनिटं काहीच करायचे नाहीत. किल्ली काढायची, शर्टाच्या खिशात टाकायची आणि शेजारी गवतावर मांडी घालून बसायचं. "आधी थंड होऊ द्या," म्हणायचे. हे यंत्राबद्दल होतं की आमच्याबद्दल, ते मला कधी कळलं नाही.

मकरपुऱ्यात आमच्या कारखान्यासमोर मोठी हिरवळ होती. ती कापायला साहेबांनी बसून चालवायचं यंत्र आणलं होतं. खाली पाती, बाजूला जाड नळी, मागे जाळीच्या दोन पिशव्या. कापलेलं गवत नळीतून उडून पिशव्यांत पडायचं. निदान पडायला हवं होतं. यंत्र चालवायचे रमणभाई माळी, दुरुस्त करायचे मोहितेकाका, आणि नोंद ठेवायची मी, ऑफिसातली नवी कारकून. काका तिथूनच फिटर म्हणून निवृत्त झालेले. साहेबांनी त्यांना वर्षाच्या करारावर परत बोलावलं होतं.

नळी सारखी तुंबायची आणि दर वेळी काकांचं उत्तर वेगळं. एकदा म्हणाले, "गवत ओलं आहे, दव वाळू द्या." पुढच्या वेळी गवत कोरडं होतं, तर पिशव्या काढून पाण्याने खसाखसा धुतल्या. तिसऱ्या वेळी पात्यांना धार लावली. मी वैतागले.

"काका, वहीत नक्की काय लिहू? बिघाड कशात आहे?"

"हवेत."

मी पेन खाली ठेवलं. तेव्हा ते समजावू लागले, "पातं जोरात फिरलं की हवा उठते. ती गवत उचलून पिशवीत नेते आणि स्वतः जाळीतून बाहेर पडते. जाळीत धूळ बसली, पातं बोथट झालं, गवत जड झालं, की हवा अडली. आपण तिचा रस्ता मोकळा करायचा, बेन. एवढंच ने!"

मी वहीत 'हवा' लिहिलं. साहेबांनी लाल प्रश्नचिन्ह काढून वही परत पाठवली.

एका सकाळी नळी पुन्हा तुंबली. रमणभाईंनी इंजिन चालू ठेवूनच ती यंत्रापासून काढली आणि गवत ओढायला आत पात्यांकडे हात घातला. मी ऑफिसच्या पायरीवरून बघत होते. कुठूनसे काका धावत आले आणि त्यांनी रमणभाईंना दोन्ही हातांनी असं ढकललं, की ते फरसबंदीवर आपटले. कपाळ फुटलं. कधी आवाज न चढवणारा हा माणूस!

"मने धक्को केम मार्यो?" धक्का का मारला, म्हणून रमणभाई कपाळ दाबून ओरडत होते. काकांनी इंजिन बंद केलं.

अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. चालू यंत्रात हात घालणाऱ्याला त्याच दिवशी कामावरून काढायचं, असा नियम होता. काका माझ्या टेबलाशी आले.

"लिहा, मोहित्यांनी माळ्याला धक्का दिला, तो पडला, त्याला लागलं."

"आणि त्यांनी हात घातला होता ते?"

"कुठला हात? हात तर शाबूत आहे."

"मी डोळ्यांनी बघितलं, काका!"

"कोणी विचारलं तर सांगा. मला घरी मुलगा जेवायला घालतो. या वयात रमणभाईला दुसरीकडे कामावर कोण ठेवेल?"

मी तेवढंच लिहून खाली सही केली. मला कोणीच विचारलं नाही. काकांचा करार त्याच आठवड्यात संपवला. रमणभाई भेटेल त्याला सांगत राहिले, की मोहित्याचं डोकं फिरलंय. मी ऐकून घेत राहिले. गप्प राहणं म्हणजे काकांचं ऐकणं होतं की माझा भित्रेपणा, हे मला ठरवता येत नव्हतं.

शेवटी न राहवून मी पाणीगेटला त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "मी साहेबांना सगळं सांगून टाकते."

काकांनी चहा बशीत ओतला. "काय सांगणार? मी ढकललं, ते खोटं आहे?"

"नाही."

"तो पडला, ते?"

"नाही."

"मग बदलणार काय? चहा घ्या, निवतोय."

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. रमणभाई अंत्ययात्रेला आले नाहीत, आणि 'का नाही आलात' असं मीही त्यांना विचारलं नाही. तो अहवाल अजून कुठल्या तरी फायलीत असेल. त्यात एक शब्द खोटा नाही. मग त्याच्याखाली केलेली माझी सही आठवली की मान खाली का जाते, ते मला आजही उमगत नाही.