आर्लिसने निवडलेलं मीठ

आर्लिस टेन हाकन कशाला घाबरत नाही हे विचारावं, यादी लवकर संपते. वादळाचा भोंगा, फोनची घंटी, गाडी मागे घेणं, चर्चच्या जेवणात आपण नेलेले बटाटे शिल्लक राहणं, सगळ्याचीच तिला धास्ती. अशी ही भित्री भागूबाई. पण चौऱ्याहत्तर वर्षांत तिने दोन मुली वाढवल्या, डुकरांच्या गोठ्यात नवऱ्याच्या बरोबरीने राबली, आणि एकदा रस्ते बर्फाने बंद असताना शेजारणीचं बाळंतपणही केलं. सगळं घाबरत घाबरत केलं, पण केलं. तिच्या गावात धीट म्हणवणाऱ्या पुष्कळ बाया मी पाहिल्या आहेत, त्यांच्या हातून याच्या निम्मंसुद्धा झालेलं नाही.

मागच्या शरद ऋतूत मात्र तिला खरी भीती भेटली. तिच्या नवऱ्याच्या, हार्लनच्या, पायांना सूज आली, छातीत पाणी झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हृदय थकलंय, मूत्रपिंडंही निम्म्यावर आलीत. मीठ बंद. गोळ्या सुरू. त्या दिवसापासून आर्लिस दुकानात भिंग घेऊन जाऊ लागली आणि डब्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचू लागली. हॅम गेलं, लोणची गेली, डब्यातलं सूप गेलं. घरी केलेलं बिनमिठाचं सूप समोर आलं की हार्लन चमचा हवेत धरून विचारायचा, "हे सूप आहे, की भांडी विसळलेलं पाणी?" ती हसायची, आणि त्याला श्वास घेताना त्रास होतोय का ते चोरून बघायची.

मार्चमध्ये तळघरातलं पाणी मऊ करायचं यंत्र बंद पडलं. आयोवाच्या त्या कोपऱ्यात बोअरचं पाणी इतकं जड की केटली महिन्याभरात आतून चुन्याने सारवल्यासारखी होते. यंत्राविना दोन महिने गेले तर नळांच्या तोंडाशी पांढऱ्या गाठी धरल्या, टॉवेल पापडासारखे कडक झाले, आणि पाणी तापवायच्या टाकीतली कॉइल जळाली. दुरुस्तीवाल्याने टाकी रिकामी केली तेव्हा बादलीभर खपल्या निघाल्या. त्या बघून आर्लिसच्या मनात भलतंच आलं, की माणसाच्या आतही असंच साचत असेल.

घरातली यंत्रं आजवर हार्लन निवडत आला होता. लग्नाच्या त्रेपन्न वर्षांत टोस्टरसुद्धा तिने एकटीने घेतला नव्हता. आता तो खुर्चीतून म्हणाला, "तूच ठरव. मी काही आता तळघराच्या पायऱ्या उतरत नाही." तो सहज बोलला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. थोरली मुलगी रोंडा फोनवर म्हणाली की यंत्राऐवजी पाइपात बसवायची बिनमिठाची नळी मिळते, ती लाव. चुलतदीर पाइपाला बांधायचं लोहचुंबक घेऊन आला. चर्चमधल्या बायकांनी व्हिनेगरची बाटली पुढे केली. शेवटी आर्लिस मर्लकडे गेली. मर्ल गावातली यंत्रं बसवायचा, शिवाय चर्चच्या पंचांपैकी एक होता, त्यामुळे तो खोटं बोलणार नाही अशी तिची खात्री. आणि तो खोटं बोललाही नाही.

त्याने तिचं पाणी तपासलं आणि सांगितलं की एवढ्या जड पाण्यापुढे चुंबक आणि नळी टिकणार नाहीत. पोत्याने मीठ ओतावं लागतं ते मिठाचंच यंत्र हवं. ते पाण्यातला चुना काढून घेतं आणि त्याच्या बदली थोडं सोडियम पाण्यात सोडतं.

"सोडियम म्हणजे मीठच ना?" तिने विचारलं. "हार्लनला मीठ चालत नाही."

"मग साध्या मिठाऐवजी पोटॅशियमची पोती घाला. यंत्र तेच, काम तेच. हृदयाचे पेशंट असलेले बरेच लोक नेतात. आणि तसंही, तुमच्या स्वयंपाकघरातला थंड नळ हार्लनने जडच ठेवलाय ना?"

ठेवला होता. तिकडे सगळेच ठेवतात. घर बांधतानाच स्वयंपाकघराच्या थंड नळाची वेगळी लाइन काढायची, ती यंत्रातून जाऊ द्यायची नाही, म्हणजे प्यायला बोअरचं पाणी जसंच्या तसं. मऊ पाण्याची कॉफी बेचव लागते असं तिथल्या लोकांचं ठाम मत. आर्लिसने मर्लचं बोलणं कागदावर उतरवून घेतलं, घरी येऊन तीनदा वाचलं, आणि पोटॅशियमची पोती मागवली. त्या दिवशी तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं. हार्लनलाही वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "बघ, जमतंय तुला." ते वाक्य ती दिवसभर मनात घोळवत होती.

पेले लखलखू लागले. टॉवेल मऊ झाले. पाचव्या आठवड्यात हार्लनचे पाय जड पडू लागले.

आधी तो म्हणाला, वय झालं. मग खुर्चीतून उठताना त्याला दोन्ही हात टेकावे लागले. मग एका रविवारी चर्चमध्ये सगळे गायला उभे राहिले आणि हार्लन दुसऱ्याच कडव्याला खाली बसला. त्रेपन्न वर्षांत तो कधी गाणं चालू असताना बसला नव्हता. आर्लिसने त्याच्या मनगटावर हात ठेवला. नाडी चालत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा चालत होती. प्रवचनातलं एक अक्षर तिच्या कानांत शिरलं नाही.

प्रार्थनेनंतरच्या कॉफीला मर्ल समोरच उभा होता. त्या पोटॅशियमचं काही होतं का, एवढं तिला विचारायचं होतं. पण रविवारी कुणी कुणाशी धंद्याचं बोलत नाही, आणि पंचाशी तर नाहीच. तिने तोंड उघडलं आणि त्याच्या नातवंडांची चौकशी करून परत आली.

सोमवारी हार्लनची नेहमीची रक्ततपासणी होती. दुपारी फोन वाजला. दवाखान्यातली नर्स सांगत होती की पोटॅशियम फार वाढलंय, हृदय बंद पडू शकतं, आत्ताच्या आत्ता घेऊन या. तेवढ्यातही तिने विचारलं, केळी जास्त खातात का? मिठाऐवजी दुसरं काही वापरता का? आर्लिस नाही म्हणाली. नाही म्हणतानाच तिला तळघरातली पोती दिसली, भिंतीला टेकून उभी केलेली, सहा.

पण थंड नळ जड आहे, तिने स्वतःला बजावलं. तो पितो ते पाणी यंत्रातून जात नाही. मग पोत्यांचा काय संबंध? गाडी चालवताना ती हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि शेजारी हार्लन डोळे मिटून बसला होता.

दवाखान्यात त्याच्या छातीला तारा लावल्या, दंडाला सुई लावली. तरुण डॉक्टरीणबाई धावपळीत होत्या तरी थांबून त्यांनी तोच प्रश्न विचारला. आर्लिसने तोच नकार दिला. खरं सांगायचं तर आता तिला नवऱ्याच्या मरणाइतकीच दुसरीही एक भीती वाटत होती. आपण निवडलं आणि त्यामुळे तो मेला, हे लोकांना कळेल ही भीती. तिला स्वतःची शिसारी आली, पण तोंड उघडलं नाही. मी तिची बाजू घेत नाही. मात्र अशा वेळी आपलं तोंड उघडलं असतं, हे छातीठोक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आकडा उतरलाय. एका गोळीमुळे पोटॅशियम अंगात साठत असावं, ती बदलून उद्या घरी सोडू. आर्लिसच्या खांद्यावरून ओझं उतरलं. गोळी. तिचं नव्हतंच काही. ती हार्लनचा दाढीचा वस्तरा आणि स्वच्छ कपडे आणायला घरी गेली.

घड्याळात दहा वाजत होते, आणि दहा वाजता त्या घरात कॉफी होते. कालपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिने कॉफीचं भांडं घेतलं, नळाखाली धरलं, आणि तिच्या हाताने डावी चावी फिरवली.

गरम.

सासूने लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, उकळायचं पाणी गरम नळाचंच घ्यावं, गॅस वाचतो. त्रेपन्न वर्षं तिचा हात डावीकडेच जात होता. सूप, बटाटे, सकाळचे ओट्स, दहाची कॉफी, तीनची कॉफी, सगळं गरम नळाचं. आणि गरम नळ टाकीतून येतो, टाकी भरते यंत्रातून. हार्लन नुसतं थंड पाणी दिवसाकाठी जेमतेम एक पेला प्यायचा. बाकी सगळं तिने त्याला आपल्या हाताने पाजलं होतं.

ती नळ बंद न करताच जमिनीवर बसली. पाणी वाहत राहिलं. उद्या त्याला घरी सोडणार होते, याच स्वयंपाकघरात, आणि आत्ता हे तिच्या लक्षात आलं नसतं तर तीन वाजता त्याच्या हातात याच पाण्याचा कप आला असता. आता गुपचूप थंड नळाचं पाणी घ्यायला लागावं, कुणाला कळायलाही नको, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण गोळी बदलली तर नवं औषध चुकीच्या कारणासाठी दिलं जाणार, हे तिच्या घाबरट डोक्याला लगेच दिसलं. एरवी नको त्या शंका काढणारं ते डोकं, त्या दिवशी नेमकं कामाला आलं.

परत जाताना तिने दोनदा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. वस्तरा घरीच राहिला होता.

खोलीत डॉक्टरीणबाई आणि हार्लन दोघंही होते. आर्लिस दारातच उभी राहिली आणि बोलायला लागली, मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. यंत्र, पोती, थंड नळ, गरम नळ. "नर्सने विचारलं, तुम्ही विचारलंत, आणि मी दोनदा खोटं बोलले," ती म्हणाली. "मला भीती वाटली की मीच त्याला मारलं म्हणाल."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. किती कप, किती सूप, कधीपासून, सगळं शांतपणे विचारून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पाणी आणि गोळी, दोन्ही मिळून झालंय हे. आज बोलला नसतात, तर आठवड्याभरात ते परत इथे आले असते. किंवा नसतेही आले." आणि नवीन गोळ्यांचा हिशेब पुन्हा मांडायला त्या बाहेर गेल्या.

खोलीत दोघंच उरली. हार्लन छताकडे बघत होता. आर्लिस पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, जवळ जायची तिची हिंमत होईना. ती म्हणाली की मर्लला सांगून साधं मीठ घालून घेते, तेही अंघोळीपुरतं आणि कपड्यांपुरतं. शिजवायचं आणि प्यायचं पाणी थंड नळाचंच. केटलीला थर धरू दे, कॉइल जळू दे. आणि यापुढे घरातलं काही मला निवडायला सांगू नकोस.

"इकडे ये," हार्लन म्हणाला.

ती गेली. त्याने तिचा हात धरला. त्याच्या बोटांत अजून जोर नव्हता.

"दुकानात मी गेलो असतो ना आर्लिस, तर मीही तीच पोती आणली असती," तो म्हणाला. तिचा हात त्याने सोडला नाही. "पण डॉक्टरला मी सांगितलं नसतं."