तालमीतलं गाणं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत, म्हणजे कोणत्या गावाला जातो म्हणून सांगून कोणत्या गावचं नाटक पाहून आलो, इथपर्यंत. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही काशीकाकीला ओळखत नाही म्हणून असेल. उद्या गल्लीत तुमची-तिची गाठ पडणार नाही म्हणूनही असेल.

मी आसगावचा. धानाची शेती आहे, पवनीला झेरॉक्सचं दुकान आहे, पण गावात मला ओळखतात ते नाटकवेडा म्हणून. आमच्याकडे दिवाळी सरली की गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे भाजीबाजार समजू नका. जत्राच ती — लेकी माहेरी येतात, घरं पाहुण्यांनी भरून जातात आणि गावात शामियाना ठोकून नाटक होतं. या दिवसांत माझं दुकान बायको सांभाळते. मी सकाळी कोणत्या गावचं पोस्टर कुठं लागलं ते पाहतो आणि संध्याकाळी मोटारसायकलला किक मारतो. नाटकांचा हंगाम नसला तर भंडाऱ्याचा ऑर्केस्ट्रा, तोही नसला तर नागपूरचा कव्वालीचा मुकाबला. साठीला टेकलो तरी पाय घरी ठरत नाहीत.

आणि जाईन तिथून काही ना काही घेऊन येईन. आमच्या मागच्या खोलीत या, दाखवतो. नाटकांची पोस्टरं — खळीनं चिकटवलेलं पोस्टर सकाळी दव असतानाच सोलायचं असतं, ऊन चढलं की फाटतं. तिकिटं — गादीची, खुर्चीची, जमिनीची. नटनट्यांच्या सह्या, त्यातली एक तर सिगरेटच्या पाकिटावर. आणि कॅसेटी. भिंतभर कॅसेटी, माझ्या हातानं भरलेल्या. आता लोक मोबाईलवर सगळं ऐकतात, पण जुनं एखादं नाटकातलं पद कुठंच मिळालं नाही की शेवटी माझ्याकडेच येतात. 'याच्याकडे नाही ते कोणाकडेच नाही,' असं म्हणतात. ऐकायला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटतं.

पण त्या भिंतीत जी एक गोष्ट असायला हवी होती, ती नाही. ती मीच घालवली.

थांबा. मंदाबद्दल आधी सांगायला हवं.

मंदा काशीकाकीची लेक. आमची घरं एका गल्लीत, मध्ये दोनच दारं. मी तेव्हा बावीस-तेवीसचा, ती माझ्याहून थोडी लहान. आमच्या गावच्या पोरांनी त्या साली नाटक बसवलं होतं. आता आमच्या भागात एक रीत आहे. पुरुषांची कामं गावातली पोरं करतात, पण बायकांची कामं करायला बाहेरच्या नट्या ठरवतात. आणि या नट्या तालमीला येत नाहीत. त्यांना पदं पाठ असतात, गावोगावी तीच नाटकं. त्या येतात थेट प्रयोगाच्या संध्याकाळी. मग तालमीत नायिकेची पदं म्हणायची कोणी? पेटीमास्तर अडून बसले — बाईचा गळा असल्याशिवाय पट्टी बसत नाही म्हणाले. गावात गळा होता एकट्या मंदाचा. पण पोरांच्या घोळक्यात लेक बसवायला काकी थोडीच तयार होणार? शेवटी तोडगा निघाला. पोरं शाळेच्या ओसरीत आणि मंदा आत वर्गात, काकूच्या — म्हणजे पेटीमास्तरांच्या बायकोच्या — शेजारी. खिडकीतून गायची.

दुपारी तालीम चालायची. मी नाटकात नव्हतो, मला कुठलं काम जमतंय. पण मामानं दिलेला टेपरेकॉर्डर फक्त माझ्याकडे होता, म्हणून मला मान होता. एका दुपारी मी तो खिडकीत ठेवला आणि मंदाचं पद टेप केलं. विरहाचं पद होतं. गजांच्या आत तिचा अर्धाच चेहरा दिसत होता आणि ती टेपरेकॉर्डरकडे बघून गात होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला ती आवडायची का? हो, आवडायची. इतक्या वर्षांनी लपवून काय करायचंय. ती मला विचारते, मी तिला कॅसेट ऐकवतो, आमच्यात काही बोलणं होतं — असं मी मनात पुष्कळ रंगवलं. झालं यातलं काहीच नाही.

मग मंडई आली. नटी आली. तिचं नाव पोस्टरवर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत होतं, आणि मला तर पोस्टरवरच्या अक्षरांचंच वेड. पहिल्या दोन अंकांत माझी नवी कॅसेट भरली. तिसऱ्या अंकात तेच विरहाचं पद यायचं होतं, आणि जवळ दुसरी कोरी कॅसेट नव्हती. खिशात होती ती मंदाची.

तुम्ही ओळखलंच असेल.

मी काय विचार केला ते मला अजून स्वच्छ आठवतं. तालमीचं गाणं, त्याचं काय एवढं? ना पोस्टरवर नाव, ना तिकीट. गावातलीच तर पोर आहे, पुढच्या साली परत म्हणेल. कॅसेट घातली, मागं फिरवली, लाल बटण दाबलं. नटीनं पद म्हटलं, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि माझ्या मांडीवर मंदाचा आवाज पुसला जात होता. मी खूश होतो. हे मुद्दाम सांगतो — मी त्या वेळी खूश होतो.

पुढच्या साली मंदा नव्हती. उन्हाळ्यात लग्न होऊन ती चिखल्याला गेली, नवरा खाणीत होता. दिवाळीच्या आधीच तापानं गेली. मंडईला माहेरी यायची होती.

त्या मंडईला काशीकाकी आमच्या घरी आली. घरात पाहुणे, अंगणात चूल, आईचं वडे तळणं चाललेलं. काकी माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "बाबू, मंदी सांगत होती, तुनं तिचं गानं टेप केलं म्हून. मले आयकव नं एकडाव."

तेव्हाच सांगता आलं असतं. 'काकी, माझ्या हातून पुसलं गेलं.' एवढंच तर वाक्य. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, रडली असती, पण ते तिथंच संपलं असतं. मी काय म्हणालो? "आहे नं काकी. कॅसेटी लय झाल्या, सापडून नाही राहिली. पाहून ठेवतो."

पाहून ठेवतो! हरवली म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, आहे.

मग ती दर मंडईला येऊ लागली. साऱ्या गावच्या लेकी ज्या दिवशी माहेरी येतात, त्या दिवशी ती माझ्या दारात यायची. "सापडली का रे बाबू?" मी म्हणायचो, "पाहूनच राहिलो काकी." कधी म्हणायची, "घाईनं नोको करू, तुले लय कामं रायतात." मला! कधी मी एखादी कॅसेट लावलेली असली की दारातच थबकायची, मान तिरकी करून ऐकायची आणि मग हळूच विचारायची, "हे नोहे नं?" नाही काकी, ही दुसरी. मग ती चुलीपाशी आईला मदत करू लागायची. आई गेली, तशी माझ्या बायकोला करू लागली. बायको मला म्हणायची, "काहून त्या म्हातारीले ताटकरत ठेवता? एक दिवस बसून शोधा नं!" मी तिच्यावरच खेकसायचो.

माझी वाट सोपी होती असं म्हणणार नाही, पण माझं काय जात होतं? वाट ती पाहत होती.

काही वर्षांपूर्वी पोरानं यंत्र आणून दिलं आणि मी सगळ्या कॅसेटी संगणकात भरायला घेतल्या. नटीची ती कॅसेट आली. पद झालं, टाळ्या झाल्या, खट्ट वाजलं. मी बंद करणार होतो. आणि खरखरीतून मंदा आली. पदाची शेवटची ओळ, तीही अर्धीच. नटीनं पद लवकर आटोपलं होतं, तेवढी टेप पुसायची राहून गेली होती. ओळ संपते आणि मग मंदा नेहमीच्या आवाजात विचारते, "जमलं का जी? परत म्हनू का?" आणि मग माझा आवाज. कोवळा, अकडू. "नको, कॅसेट वाया जाते."

तेवढंच आहे. पुढं कोरी टेप.

मी ते किती वेळा ऐकलं असेल, विचारू नका. दुकानात कोणी नसलं की ऐकतो. मोटारसायकल नहराकाठी उभी करून ऐकतो. हो म्हणायला काय झालं होतं मला? परत म्हण, म्हणायला?

तुम्ही म्हणाल, एवढं तर एवढं, माऊलीला ऐकवायचं. तेवढा तुकडा कापून मोबाईलमध्ये घेतलेलाही आहे. पण तो ऐकला की ती विचारणार — मधलं गाणं कुठं गेलं? आणि तिला माझा आवाज ऐकू येणार. म्हणून मी काय केलं ते सांगतो. हे सांगण्यासाठीच बसलो होतो, बाकीचं सगळं भोवतालचं आहे.

तेच नाटक पुढं शेजारच्या कोंढा गावच्या पोरांनी बसवलं होतं, आणि त्यांच्या तालमीतही गावातल्याच एका मुलीनं ते पद म्हटलं होतं. ते माझ्याकडे होतं. पूर्ण, स्वच्छ. गेल्या मंडईला काशीकाकी काठी टेकत आली, तिनं विचारायच्या आधीच मी म्हणालो, "काकी, सापडली!" तिला मागच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि कोंढ्याच्या मुलीचं गाणं लावलं.

ती डोळे मिटून बसली. दोन्ही हात काठीवर. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो, चोर पाहतो तसा. वाटलं, इतक्या वर्षांनी आवाज थोडाच आठवणार? वाटलं, म्हातारी समाधानानं जाईल, मीही सुटेन. पद पूर्ण होईपर्यंत ती हलली नाही. मग डोळे उघडले. डोळे कोरडे होते.

"बेस गायली पोरगी," ती म्हणाली. "कोनाची आहे?"

मी पाठ फिरवून कॅसेट काढू लागलो.

"तिच्या मायले आयकवलं का बाबू?"

मी म्हणालो, "हो."

"बरं केलं," म्हणाली, आणि उठली. उंबऱ्यापाशी मी तिचा हात धरला, तिनं धरू दिला.

यंदाच्या मंडईला ती आली. वडे थापू लागली, पोरांच्या तोंडावरून हात फिरवला. कॅसेटीचं काही विचारलं नाही. मोबाईल माझ्या खिशात होता, ती हाताच्या अंतरावर बसली होती, संध्याकाळपर्यंत. मी नाटकाला निघून गेलो.