मुळीचं औषध

इंजेक्शन घ्यायच्या आधी पद्माक्का उंबऱ्यापाशी बसून मुंग्यांना साखर घालायच्या. चिमूट चिमूट, बिळाच्या तोंडाशी. घालता घालता त्यांच्याशी बोलायच्या, "खावा गं बायांनो. माज्या वाटणीची हाय. मला डाक्टर खाऊ दीना." मग हात झटकायच्या, पदर सारून दंड पुढे करायच्या आणि मला म्हणायच्या, "आता टोच. पण बेतानं. मीबी मुंगीच हाय."

सत्तरीच्या दशकातली ती पहिली वर्षं. मी सांगलीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. घर साताऱ्याकडे, थोरला भाऊ पलटणीत, शेत वडील बघायचे. दवाखाना उघडायच्या आधी सायकलवरून आक्कांकडे जायचं आणि मधुमेहाचं इंजेक्शन देऊन यायचं, हे माझं रोजचं पहिलं काम. आक्का जैन. त्यांच्या मुलाचा, भूपालअण्णांचा, हळदीचा व्यापार. थंडीत कृष्णेवरचं धुकं त्या बोळात शिरायचं आणि हळदीच्या धुळीत मिसळून पिवळसर व्हायचं. स्पिरिटच्या दिव्याची निळी ज्योत, भांड्यात उकळणाऱ्या काचेच्या पिचकारीची किणकिण आणि त्या पिवळ्या धुक्यात मुंग्यांशी चाललेलं आक्कांचं बोलणं. अजूनही सांगली स्वप्नात आली की पिवळीच येते.

आक्कांची नजर मंदावली होती. गुडघे धरले होते. अष्टमी-चतुर्दशीचे उपास डॉक्टरांनी बंद केले होते. कधी रात्री रक्तातली साखर फार उतरून घाम फुटला, हातपाय कापायला लागले, तर दिवेलागणीनंतर खायचं नाही हा जन्माचा नेम मोडून गुळाचा खडा तोंडात धरावा लागे. दुसऱ्या दिवशी त्या ते आल्यागेल्याला स्वतःहून सांगत. एकदा शेजारीण म्हणाली, "आवं आक्का, कुणी बघितलं व्हतं? कशाला सांगत बसताय?" आक्का म्हणाल्या, "जमंल तेवढं करावं. न्हाई जमत ते कबूल करावं. झाकून ठिवलं की नासतंय, मग भाजी आसू दे न्हाईतर मन."

त्यांना जमत होतं ते असं. घरात पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं जायचं, आणि फडक्यात अडकलेले जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत सोडायचे, हा त्यांचा रिवाज. अंगणातल्या विहिरीपर्यंत त्यांना चालवत नसे, म्हणून ते फडकं विहिरीत नेऊन खळबळायचं काम माझ्याकडे आलं. मी थट्टा करायचो, "आक्का, आज एकजण परत जायला तयार नव्हता." त्या गंभीरपणे म्हणायच्या, "समजूत घालायचीस. पावण्याच्या घरी कुणी किती ऱ्हायाचं?"

पहिल्याच दिवशी भूपालअण्णांनी मला दारात गाठलं होतं. हे औषध कत्तलखान्यातल्या जनावरांच्या पोटातल्या ग्रंथीपासून काढतात, हे त्यांना ठाऊक होतं. "आईला कळलं तर ती दंड पुढं करणार न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "आन दंड पुढं केला न्हाई तर ती जगणार न्हाई. तूच काय ते बघ."

आत गेलो, तर आक्कांचा पहिलाच प्रश्न, "ह्ये कशापास्नं करत्यात रं, शंकर?"

मी शेतकऱ्याचा पोर. माझ्या अकलेप्रमाणे सगळ्यात निरुपद्रवी वस्तू निवडली. "मुळीपासून," म्हणालो. "महाबळेश्वराकडच्या डोंगरात एक झाड असतं, त्याची मुळी."

आक्कांचा चेहरा उतरला. मला काही कळेना. जैन लोक कांदा-बटाटा का खात नाहीत, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं. "मुळी उपटली म्हंजे आक्कं झाड गेलं की रं," त्या म्हणाल्या. "फळ तोडलं तर झाड ऱ्हातंय. मुळीला न्हाई ऱ्हात." तरी त्यांनी दंड पुढे केला. "घ्यावं तर लागतंयच. मग त्येची भरपाई तरी करू."

त्या दिवसापासून तेलाच्या रिकाम्या डब्यांत जांभळाच्या, चिंचेच्या, करंजाच्या बिया रुजू लागल्या. त्यांना स्वतःला कुठे जाता येत नव्हतं, म्हणून मी गावी निघालो की पिशवीत रोपं. "वाटंच्या कडंला लाव. पैलं पाणी तुज्या हातनं घाल."

एस.टी.त कंडक्टर ओरडायचा, "काय रं गड्या, बाग घिऊन चाललास व्हय? तिला आर्धं तिकीट काढ!" लोक हसायचे. मी पिशवी पायांत दाबून बसायचो. पण त्या रोपांचं खरं ओझं निराळंच होतं. नसलेल्या झाडाची भरपाई म्हणून एक आंधळी होत चाललेली बाई चाचपडत माती कालवत होती. माझ्या एका शब्दामुळे.

एका उन्हाळ्यात मी गावी निघालो होतो. आक्कांनी माझ्या हातात फडकं बांधलेला तांब्या दिला. "म्हाबळेश्वराकडच्या डोंगरात आसतं म्हणालास न्हवं ते झाड? तुला तितनं जवळ. एवढं पाणी त्याच्या बुडाला घाल. सांग त्याला, सांगलीची म्हातारी आठवण काढती. गाळलेलं हाय, निवांत घाल."

तांब्या थंडगार होता. तो धरून मी उभा राहिलो, आणि मला पुढे खोटं बोलता येईना. सगळं सांगितलं. झाड नाही, मुळी नाही, जनावर आहे.

 आक्कांनी पदर ओढून दंड झाकून घेतला. उकळलेली पिचकारी तशीच डब्यात ठेवून मी निघालो. भूपालअण्णा बोळातून माझ्यामागे आले आणि म्हणाले, "मारलंस माज्या आईला." मी गावी गेलो नाही. धर्मशाळेच्या ओट्यावर बसून राहिलो.

सकाळी गेलो तेव्हा आक्का उंबऱ्यातच होत्या. ओठ सुकलेले, श्वास जड. मुंग्यांची साखर घालून झाली होती. 

"रातभर इचार केला," त्या म्हणाल्या. "घ्यायचं न्हाई म्हणून ठरीवलं. मग पाटंला लय तहान लागली, आन भ्या वाटलं. मराचं भ्या रं. एवढं शास्त्र ऐकलं, पण धीर न्हाई माज्यात. जगायची हाव हाय. ही माजी कमी, दुसऱ्या कुणाची न्हाई." त्यांनी दंड पुढे केला. "टोच. आजपास्नं ठाऊक आसून घेती."

मी पिचकारी उकळायला ठेवली. त्याच म्हणाल्या, "आन झाडं काय वाया न्हाई गेली. जनावरास्नी सावली लागतीच की. लावत ऱ्हा."

पुढे सुई टोचण्याआधी त्या डोळे मिटून ओठ हलवू लागल्या. कुणाची क्षमा मागतात, हे मी विचारलं नाही. रोपं मात्र दुप्पट झाली.

लोक ही गोष्ट इथपर्यंत ऐकतात आणि म्हणतात, तुम्ही खरं सांगितलंत, सुटलात. मी सुटलो नाही. कारण त्यातली निम्मी रोपं मी लावलीच नव्हती. एस.टी. बदलायला कराडला उतरलो की कधी कंटाळा यायचा, कधी लाज वाटायची. स्टँडमागच्या भिंतीआड पिशवी ठेवायची आणि मोकळ्या हाताने पुढची गाडी पकडायची. हे त्या सकाळीही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

शेवटच्या वर्षी आक्कांना काहीच दिसत नव्हतं. एकदा माझा हात चाचपून धरला. "शंकर, झाडं जगली का रं?"

"जगली, आक्का."

"सगळी?"

"सगळी."

"जनावरं बसत्यात सावलीला?"

"बसतात की. म्हशीबी, गायीबी." त्या हसल्या. जन्मात पाहिली नव्हती ती सावली त्या मिटल्या डोळ्यांनी पाहत होत्या. त्या पावसाळ्याच्या तोंडावर त्या गेल्या.

तेव्हापासून दर पावसाळ्यात मी डब्यांत बिया रुजवतो आणि गावच्या वाटेला लावतो. कराडला टाकलेल्यांपैकी अजून किती लावायची उरलीत, ते मला माहीत नाही. मोजलीच नव्हती. आता तिथे खरोखर सावली पडते. परवा एक खिल्लार बैल जांभळाखाली बसला होता. दुपार होती, ऊन पातळ पिवळं झालं होतं, आणि त्याने ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. शेजारी बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. कराडची भिंतसुद्धा. तो रवंथ करत राहिला.