आवाज नसलेलं घर

लेक आठ महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. परंड्यात तिला सांभाळायला दोन घरं तयार होती. मागच्या गल्लीतल्या खालांकडं शेळ्या, नातवंडं आणि दिवसभर कालवा. शेजारच्या काकूंचं घर मात्र लख्ख, आवाज म्हणून नाही. शाळेत शिकवून मी गोंगाटाला विटले होते. मी काकूंना निवडलं.

चौथ्या दिवशी शाळा लवकर सुटली. काकूंकडं गेले तर लेक झोपलेली. हाक मारली, तळवे चोळले, गाल थोपटले. ती डोळे उघडेना. ओठ फिके, झबल्यावर ओकारी. तोंडाजवळ नाक नेलं आणि मिश्रीचा वास आला. भाजलेल्या तंबाखूची ती पूड काकू सकाळ-संध्याकाळ दातांना लावत.

"दात येत्यात तिला. लई रडत व्हती, म्हणून हिरडीवर जरा बोट फिरवलं," काकू शांतपणे म्हणाल्या. "आमी आमच्या लेकरांना बी लावलीच की."

भांडायलाही वेळ नव्हता. रिक्षात मी तिला सारखी हलवत राहिले. दवाखान्यात दुपारी उशिरा तिनं टाहो फोडला, तेव्हा कुठं मी खाली बसले. आधीचे तीन दिवस तिला गप्प बघून मी मूर्खासारखी सुखावले होते.

आता ती खालांकडं असते. शाळा सुटली की मी पळतच निघते. गल्लीच्या तोंडाशी तिचं भोकाड ऐकू आलं, की मग चालते.